रोज हजार शेअरचीही उलाढाल नाही अशी कंपनी : घेता येते, पण विकायची कुणाला?

वारजेकर

नमस्कार मंडळी. विषय नेहमीचाच आहे, पण या वेळी घरातला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

माझे मामा भोसरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. सकाळी तळजाईवर फिरायला जातात. तिथल्या त्यांच्या गटात दीड-दोन वर्षांपासून दहा-वीस रुपयांच्या शेअरची चर्चा असते. मामांनी त्यातला एक शेअर ११ रुपयांच्या आसपास घेतला, तो आता २८ वर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मामांकडे १४,००० शेअर आहेत. आता ग्रॅच्युइटीतले पाच लाख त्यातच घालायचं त्यांच्या मनात आहे. घरात दोन तट पडलेत आणि मामींनी मला मध्ये घातलंय.

मामांना मी वेडं समजत नाही. त्यांचं म्हणणं असं की मोठ्या कंपन्यांचे शेअर सगळ्या जगाने पाहिलेले असतात, फंडवाल्यांनी पिंजून काढलेले असतात. लहान कंपनीकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून तिथेच स्वस्तात काही मिळायची शक्यता असते. हा मुद्दा मला पटतो.

मग मी त्यांच्या मोबाईलवर त्या शेअरची बाजार-खोली (कोण कोणत्या भावाला किती शेअर घ्यायला-विकायला उभं आहे ते) उघडून पाहिली. आदल्या दिवशीचा बंद भाव २८.४०. खरेदीच्या बाजूला पाच ओळी होत्या : २८.३५ ला ५० शेअर, २८ ला १००, २७.५५ ला २५०, २७.१० ला ५००, २७ ला ३००. संपलं. एकूण १,२०० शेअर घ्यायला माणसं उभी आणि मामांकडे १४,०००. ॲप सांगतं, तुमच्या शेअरची किंमत ३,९७,६०० रुपये. पण त्या क्षणी समोर उभ्या असलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून खिसे रिकामे केले असते तरी मामांच्या हातात ३२,७५५ रुपये आले असते आणि १२,८०० शेअर तसेच उरले असते. खाली सर्किट ५ टक्क्यांचं, म्हणजे २६.९८. त्याच्या खाली त्या दिवशी सौदाच होऊ शकत नाही.

ते ३,९७,६०० खरे किती मानायचे, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की अशा शेअरमध्ये शहाण्यासारखं उतरायचं झालंच तर काय पाहून उतरावं? 'पेनी स्टॉक म्हणजे जुगार' एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको, ते मामींनी आधीच सांगितलंय.

मिहिर_चिंचवड

मामांच्या बाजूने बोलतो. सुझलॉन आपल्या पुण्याचीच, हडपसरला मुख्यालय. मार्च २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्याही खाली होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ८६ ला जाऊन आला. तेव्हाही सगळे 'चवन्नी शेअर' म्हणूनच हिणवत होते. ज्यांनी धीर धरला त्यांचं घर झालं. सरसकट घाबरवू नये.

कंपनी_सेक्रेटरी_ताई

मिहिर, उदाहरण खरं आहे, पण ते या धाग्यातलं नाही. सुझलॉनचे शेअर तेव्हाही कोट्यवधींनी हातबदल होत होते. भाव दोन रुपये असला तरी सकाळी सव्वानऊला विकायचं ठरवलं तर साडेनऊपर्यंत पैसे सुटत होते. स्वस्त शेअर आणि न विकला जाणारा शेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मामांची अडचण २८ रुपये ही नाहीच. १,२०० ही आहे.

आणि त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००५ च्या पब्लिक इश्यूत, म्हणजे कंपनीने पहिल्यांदा लोकांना शेअर विकले तेव्हा, सुझलॉन ५१० ला मिळाला. २००८ मध्ये १० रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच झाले, म्हणजे आजच्या हिशेबात घेणाऱ्याला तो १०२ ला पडला. लाभांश सोडला तर २०२४ च्या त्या ८६ च्या भावातही मूळ गुंतवणूकदाराचे पैसे एकोणीस वर्षांत सुटलेले नव्हते. मधल्या काळात कर्ज फेडायला शेअर काढत काढत संख्या १,३०० कोटींच्या पुढे गेली. कंपनी वाचली हे चांगलंच झालं. पण 'दोन रुपयांत काय जातंय' असं म्हणताना एकूण शेअर किती आहेत हे कुणी विचारत नाही. दोन रुपये गुणिले शेअरची संख्या, ही कंपनीची किंमत. नुसते दोन रुपये म्हणजे काहीच नाही.

मामांच्या शेअरबद्दल उद्या सवडीने लिहिते.

कुमठेकर_रस्ता

मी या बाजारात पुणे स्टॉक एक्स्चेंज चालू असल्यापासून आहे. नवीन मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, १९८२ पासून पुण्याचा स्वतःचा शेअरबाजार होता, सदाशिव पेठेत. २०१५ मध्ये सेबीच्या, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, आदेशाने तो बंद झाला. कामकाज तर त्याच्या कितीतरी आधीच थंडावलं होतं.

१९९४ ते ९६ या काळात पब्लिक इश्यूंचा पूर आला होता. फॉर्म भरायला रांगा लागत. कुणाची कोळंबी-शेती, कुणाची फुलांची निर्यात, कुणाची लीजिंग कंपनी. दहा रुपयांचा शेअर दहालाच, म्हणून लोकांना वाटे की यात बुडण्यासारखं काय आहे. त्यातल्या किती कंपन्या पुढे पत्त्यावर सापडल्याच नाहीत. 'गायब कंपन्या' अशी सरकारी यादीच करावी लागली, दोनशेहून जास्त नावांची. पुण्यातल्या किती घरांत अजून ती रंगीत सर्टिफिकेटं कपाटात आहेत. काहींच्या कंपन्या अस्तित्वात आहेत, पण ज्या प्रादेशिक बाजारात त्यांची नोंद होती तो बाजारच राहिला नाही. अशा कंपन्यांना पुढे डिसेमिनेशन बोर्डावर नेलं. तिथे नाव दिसतं, गिऱ्हाईक नसतं.

वारजेकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर : ३२,७५५ खरे. बाकीचे गिऱ्हाईक मिळेल तसे खरे होत जातील.

सौ_आनंदनगर

आमच्या सोसायटीतही असाच एक व्हॉट्सॲप गट आहे. तिथे रोज 'अप्पर सर्किट' म्हणून फुलं टाकतात. हे अप्पर सर्किट लागतं तेव्हा घ्यायला जावं तर मिळत नाही, मग भाव वाढतो कसा? कुणी समजावून सांगेल का?

भाव_आणि_ठाव

ताई, नीट सांगतो. हे कळलं की अर्धा विषय कळतो.

शेअरबाजार प्रत्येक शेअरला दिवसाच्या चढ-उताराची मर्यादा देतो : २, ५, १० किंवा २० टक्के. वरची मर्यादा गाठली की अप्पर सर्किट, खालची गाठली की लोअर. वायदे बाजारात असलेल्या शेअरना अशी ठरीव मर्यादा नसते. आता समजा एका कंपनीचे शंभरातले नव्वद शेअर पाच-सात माणसांच्या हातात आहेत. त्यांनी विकायचं थांबवलं आणि आपसातच थोडे थोडे शेअर वरच्या भावाला फिरवले, तर दिवसाला दोनशे शेअरच्या सौद्यावर भाव ५ टक्के वर जातो. पैसा फारसा लागतच नाही. बाहेरचा माणूस खरेदीची ऑर्डर टाकतो, त्याला मिळत नाही, त्याची उत्सुकता वाढते. असं महिनाभर चाललं की आलेख बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी मोठं घडतंय. मग एक दिवस सर्किट उघडतं आणि हवे तेवढे शेअर मिळायला लागतात. इतके दिवस न मिळणारा माल एकदम कुठून आला, हा प्रश्न नेमका त्या दिवशी पडायला हवा. लोक त्या दिवशी 'मिळाले बुवा एकदाचे' म्हणून आनंदात असतात.

उलट्या दिशेला हेच निर्दयपणे होतं. लोअर सर्किटला फक्त विकणारे असतात. रांगेत आधी आलेल्याचा नंबर आधी. स्टॉप लॉस (ठरावीक भावाखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर) लावला असला तरी उपयोग नाही, कारण ऑर्डर लागली तरी समोर घेणारा नाही. रोज ५ टक्के खाली म्हटलं तर २८.४० चा शेअर चौदा दिवसांत १३.८५ वर येतो. त्या चौदा दिवसांत तुमचा एकही शेअर विकला गेलेला नसतो.

बाजारही हे बघत असतो. शंका आली की शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात टाकतात, तिथे सकाळी घेऊन दुपारी विकता येत नाही, डिलिव्हरी घ्यावीच लागते. २०१७ पासून जीएसएम आणि २०१८ पासून एएसएम अशा निगराणीच्या याद्या आहेत. जून २०२३ मध्ये खास ५०० कोटींखालच्या कंपन्यांसाठी ईएसएम आली. या याद्या बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, ॲपवरही शेअरच्या नावाशेजारी खूण येते. मामांच्या शेअरला ती आहे का बघा.

आणि ज्या शेअरचे सौदे फारच तुरळक होतात त्यांच्यासाठी २०१३ पासून कॉल ऑक्शन आहे. तिमाहीत सरासरी रोज १०,००० पेक्षा कमी शेअर आणि ५० पेक्षा कमी सौदे, असे ढोबळ निकष. तिथे सतत खरेदी-विक्री चालत नाही. एकेका तासाचं सत्र असतं : ४५ मिनिटं ऑर्डर घ्यायच्या, मग सगळ्यांचा मिळून एक भाव काढायचा आणि जुळतील तेवढे सौदे करायचे. ॲपवर भाव तासभर हलत नाही म्हणून माणसं घाबरतात, पण ती पद्धतच तशी आहे.

सौ_आनंदनगर

खूप आभार. सोसायटीच्या गटात हे आजच टाकते.

कंपनी_सेक्रेटरी_ताई

आता मामांच्या कंपनीकडे वळू. भाव आणि आलेख बाजूला ठेवा. बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर जा, सगळं तिथे मिळतं. आम्ही मंडळीच ते भरत असतो, म्हणून सांगते कुठे बघायचं.

पहिलं, शेअरहोल्डिंगचा तक्ता. मागच्या आठ तिमाह्यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवा. प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांचा, हिस्सा घटतोय का? गहाण किती आहे? 'सार्वजनिक' रकान्यात एक टक्क्याच्या वरचे धारक नावानिशी दिलेले असतात, ती नावं वाचा. आणि एकूण भागधारकांची संख्या. भाव तिप्पट होताना ती आठशेवरून नऊ हजार झाली असेल, तर कुणीतरी मोठ्या माणसाने नऊ हजार लहान माणसांना माल दिला आहे.

दुसरं, प्रेफरेन्शियल वाटप. माझ्या मते या सगळ्यातली ही सर्वांत महत्त्वाची जागा आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. कंपनी ठरावीक पंधरा-वीस जणांना समजा १२ रुपयांनी शेअर देते. प्रवर्तक नसलेल्यांना ते सहा महिने विकता येत नाहीत (जानेवारी २०२२ पर्यंत ही मुदत वर्षाची होती). त्या सहा महिन्यांत बातम्या सुरू होतात : मोठी ऑर्डर, परदेशी कंपनीशी करार, बोनस, स्प्लिट. भाव चढतो. मुदत कधी संपते ती तारीख कागदावर असते. मामांच्या कंपनीने असं वाटप केलं असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या सुमाराला उलाढाल अचानक वाढते का ते बघा.

तिसरं, नाव. कापडाची कंपनी एकाएकी 'टेक', 'ग्रीन', 'एआय' झाली आहे का? नव्या धंद्यावरून नाव बदलायचं तर मागच्या वर्षाच्या उत्पन्नातला निदान ५० टक्के भाग त्या धंद्यातून आलेला असावा, किंवा कंपनीच्या मालमत्तेच्या निदान ५० टक्के रक्कम त्यात गुंतवलेली असावी असा नियम आहे. धंदा आहे का, हे नफा-तोटा पत्रकात दिसतं.

चौथं, ऑडिटर. मुदत संपायच्या आधी सोडून गेला असेल तर त्याचं राजीनाम्याचं पत्र जोडलेलं असतं. ते वाचायला दोन मिनिटं लागतात.

पाषाणकर

यूट्यूबवरच्या टिपांबद्दल एक भर. मार्च २०२३ मध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्ट या शेअरबाबत अंतरिम आदेश काढला होता. मोठा उद्योगसमूह कंपनी विकत घेणार अशा धर्तीचे खोटे व्हिडिओ टाकून, जाहिरातींवर पैसे खर्चून ते लाखो लोकांपर्यंत पोचवले. लहान भागधारकांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती ती पंचावन्न हजारांवर गेली, आणि त्याच काळात आतल्यांनी माल विकला. आदेश सेबीच्या संकेतस्थळावर आहे. भाषा किचकट आहे, पण कुणाकडून कुणाकडे शेअर गेले याचे तक्ते एकदा प्रत्येकाने पाहावेत असे आहेत.

भोसरी_वर्कशॉप

सगळे धोकेच लिहितायत, म्हणून मी माझा अनुभव मांडतो. माझं लहानसं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. ज्यांना मी सुटे भाग देतो त्यातली एक कंपनी बाजारात नोंदलेली आहे. दिवसाला तीनशे-चारशे शेअर विकले जातात, काही दिवस शून्य. हा शेअर मी वर्षानुवर्षं थोडा थोडा घेत आलोय आणि त्यात समाधानी आहे.

घेतला कशासाठी ते सांगतो. त्यांचं बिल कधी थकलं नाही. लॉकडाऊननंतर बाकीचे चार-चार महिने लावत होते, तेव्हाही यांचे पैसे पंचेचाळिसाव्या दिवशी खात्यात. गेटवर ट्रक दिसतात, तिसरी पाळी चालू असते, भरतीची पाटी लागलेली असते. वार्षिक सभेला जातो, तिथे जेमतेम वीस माणसं असतात, मालक स्वतः उत्तरं देतो. दरवर्षी लाभांश येतो, तो खोटा असू शकत नाही. प्रवर्तकाने या काळात एकदाही स्वतःचा शेअर विकलेला नाही.

पण तो कसा घ्यायचा, याची शिस्त आहे. मार्केट ऑर्डर, म्हणजे समोर असेल त्या भावाला खरेदी, कधीच नाही. घेणारा ४१० ला उभा, विकणारा ४३५ ला. मार्केट ऑर्डर टाकली की पहिल्या क्षणी ६ टक्के गेले. मी ४१५ ची लिमिट (त्याहून जास्त भाव देणार नाही अशी ऑर्डर) लावून आठवडा आठवडा थांबतो. आणि यात घातलेला पैसा पोरीच्या शिक्षणाचा नाही, मशीनच्या हप्त्याचा नाही. हवा तेव्हा तो निघणार नाही, हे धरूनच घातलाय. पाच वर्षं विकता आला नाही तरी कंपनी धंदा करत राहील आणि लाभांश देत राहील, एवढी खात्री असेल तर कमी उलाढाल त्रास देत नाही. मामांना त्यांच्या कंपनीचा कारखाना कुठे आहे ते विचारा. चाकण, रांजणगाव, कुरकुंभ, कुठेही असो. गाडी काढून बघून यावं.

अमळनेरचा_पुणेकर

भोसरीकरांशी सहमत. माझं गाव अमळनेर. विप्रो १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली आणि गावातल्या कितीतरी घरांनी शेअर घेतले, पिढ्यानपिढ्या ठेवले. लोक फक्त शेवटचा आकडा सांगतात. पण तो शेअर घेणाऱ्याला कारखान्याचा भोंगा ऐकू येत होता.

मिहिर_चिंचवड

मुद्दे पटतायत. तरी एल्सिडचं काय? साडेतीन रुपयांचा शेअर एका दिवसात सव्वादोन लाख झाला. हे तर खरं आहे ना?

भाव_आणि_ठाव

खरं आहे, आणि याच धाग्यासाठी उत्तम उदाहरण आहे. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सकडे एशियन पेंट्सचे जवळजवळ तीन टक्के शेअर होते. त्या हिशेबाने एका शेअरचं पुस्तकी मूल्य पाच लाखांच्या पुढे. बाजारात भाव ३.५३. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या भावाला विकायला कुणीच तयार नव्हतं. एकूण शेअरच २ लाख, त्यातले ७५ टक्के प्रवर्तकांकडे. सेबीने अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी खास लिलावाची सोय केली आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला भाव २,२५,००० निघाला, त्याच दिवशी ५ टक्के वर २,३६,२५० ला बंद.

म्हणजे साडेतीन रुपयांना तो कुणाला मिळतच नव्हता. पडद्यावरचा भाव आणि खरा भाव यांचा संबंध तुटला होता, इतकंच. मामांच्या शेअरमध्येही तो तुटलेला असू शकतो, फक्त उलट्या दिशेने.

असाच दुसरा आकडा रुची सोया या खाद्यतेलाच्या कंपनीचा फिरतो : जानेवारी २०२० मध्ये १७ रुपये, जूनमध्ये १,५००. दिवाळखोरी प्रक्रियेनंतर जनतेच्या हातात एक टक्काही शेअर उरले नव्हते, म्हणून तो तसा उडाला. जुन्या भागधारकांच्या तर १०० शेअरचा १ शेअर झाला होता, हे त्या मेसेजमध्ये लिहिलेलं नसतं. आणि त्याच कायद्याखाली डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या भागधारकांना २०२१ मध्ये शून्य मिळालं. प्रक्रिया चालू असताना १५-२० रुपयांना 'स्वस्त' म्हणून घेणारे शेवटपर्यंत होते.

करसल्लागार_टिळकरोड

कराचं बघा. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, नंतर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के (२३ जुलै २०२४ पासून). तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विकल्याशिवाय तोटा झाला असं आयकर खातं मानत नाही. गिऱ्हाईकच नाही म्हणून अडकलेला शेअर तोट्यातही धरता येत नाही. शिवाय विकताना प्रत्येक शेअरला, प्रत्येक दिवशी डीपीचं, म्हणजे डिमॅट खातं सांभाळणाऱ्याचं, शुल्क बसतं, साधारण १५-२० रुपये. रोज पन्नास-पन्नास शेअर विकणाऱ्याने हे धरावं.

आणखी एक. २०१८ पूर्वी दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त होता, तेव्हा काळा पैसा पांढरा करायला असे शेअर सर्रास वापरले गेले. खात्याने नंतर अशा शेअरमधला नफा खोटा ठरवून नोटिसा काढल्या, त्यात प्रामाणिक गुंतवणूकदारही सापडले. मामांनी कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरकडून येणारी सौद्याची पावती) आणि बँकेच्या नोंदी नीट जपून ठेवाव्यात.

वारजेकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी मामांकडे बसून ताईंनी सांगितलेले तक्ते काढले. भागधारकांची संख्या सहा तिमाह्यांत १,१०० वरून ७,४०० च्या पुढे. मागच्या वर्षी अठरा जणांना १० रुपयांनी वाटप, त्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते. कारखान्याचा पत्ता वार्षिक अहवालात आहे तो गुजरातमधला, मामांनी पाहिलेला नाही. ईएसएमची खूण नाही.

मामा बराच वेळ ती अठरा नावं वाचत होते. मग म्हणाले, "हे लोक दहाला घेऊन बसलेत आणि मी अठ्ठावीसला आणखी घेऊ?" पाच लाखांचा विषय त्यांनी स्वतःच मिटवला. आहेत त्यातले शेअर कमी करायचे आहेत. १४,००० एकदम टाकावेत की थोडे थोडे?

भोसरी_वर्कशॉप

एकदम टाकू नका. १४,००० विक्रीला दिसले तर जे १,२०० उभे आहेत तेही पळतील. रोज दोनशे-तीनशे, घेणाऱ्याच्या भावाच्या जवळची लिमिट लावून. ज्या दिवशी उलाढाल जास्त दिसेल त्या दिवशी जास्त द्या.

कंपनी_सेक्रेटरी_ताई

मुदत संपायच्या तारखेच्या आधी जेवढे सुटतील तेवढे सोडवा. भावातले चार आणे बघत बसू नका. आणि सकाळी नऊच्या आधीच ऑर्डर टाकून ठेवा. कधी लोअर सर्किट लागलंच, तर रांगेत पुढे असणं एवढंच हातात असतं.

वारजेकर

आज ३०० लावले होते २८.१० ला, २१० गेले. मामा आता तळजाईच्या गटातल्यांनाही तो वाटपाचा कागद दाखवणार आहेत. या तिमाहीचा शेअरहोल्डिंगचा तक्ता तिमाही संपल्यावर २१ दिवसांत येतो, आला की इथे टाकतो.